तिसरीत जाणाऱ्या मुलांची गणिताची उजळणी: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

बी-२०४: नमस्कार सगळ्यांना. मुलगा यंदा तिसरीत जायलाय. सुट्टीत दहापर्यंतचे पाढे पाठ करून घेतले, धडाधड म्हणतो. काल सहज एक वजाबाकी घातली, ४२ वजा १७. उत्तर काढलं ३५. परत घातली, परत ३५. आणि पंचवीस लिही म्हटलं की मध्येच ५२ लिहून मोकळा होतो. शाळा पंधरवड्यावर आली. उजळणीसाठी चांगलं पुस्तक सांगा, नाहीतर क्लास लावू का?

ए-१०२: वहिनी, माझ्याकडे पीडीएफ आहे, १०० वजाबाक्यांची. टाकतो. रोज दहा सोडवून घ्या.

सी-३०१ (बाई): दादा, पीडीएफ टाका, पण वहिनी, तुम्ही ती एवढ्यात काढू नका. आधी ३५ आले कुठून ते बघा. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्यानं ७ मधून २ घालवले, राहिले ५. मग ४ मधून १ गेला, राहिले ३. म्हणजे वजाबाकी त्याला येते. ४२ मधला ४ म्हणजे चाळीस, एवढंच त्याच्या मनात बसलेलं नाही. तो ४ आणि २ असे दोन सुटे आकडे बघायलाय. अशात १०० गणितं घातली तर हीच पद्धत पक्की होऊन बसेल. माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर झाली. ही चूक दर वर्षी दिसायची, आणि चांगल्या हुशार पोरांच्या वहीत दिसायची. क्लासची काही गरज नाही.

बी-२०४: पण बाई, मी सांगितलं की त्याला. शेजारच्याकडून एक घे म्हणून.

सी-३०१ (बाई): तिथंच अडतं. आपण एक घेत नाही, दहा घेतो. त्याच्या हातात दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या. सांगा, भाजीवालीला १७ द्यायचेत, सुटे द्यायचे. सात सुटे आणणार कुठून? थोडा वेळ गप्प बसा, सांगू नका. तो आपणच म्हणेल, एक नोट मोडून द्या. मग नोट घ्या, दहा नाणी द्या. आता त्याच्याकडे तीन नोटा, बारा नाणी. सात नाणी गेली, एक नोट गेली. उरले २५. पहिले काही दिवस वही उघडूच नका, नुसतं मोडायचं आणि द्यायचं. हात बसला की मग त्याच नोटांशेजारी उभं गणित मांडा. ४ खोडून ३ का लिहितो आणि २ च्या जागी १२ का होतात, ते तेव्हा त्याला समोर दिसतं.

डी-१०३: बाई, आमच्या घरी तेलुगू. सासूबाई नातीला तेलुगूत मोजायला शिकवतात, इरवै ऐदु. शाळेत पंचवीस. पोरीचा घोळ होईल म्हणून घरातलं बंद करावं म्हणतेय.

सी-३०१ (बाई): अजिबात बंद करू नका! इरवै म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. आधी वीस, मग पाच, जसं लिहितो अगदी तसंच. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र २ आधी. वहिनींचा मुलगा ५२ लिहितो तो यामुळेच, ऐकलं तसं लिहितो बिचारा. एकोणतीस, एकोणचाळीसचं तर आणखी अवघड. कानावर तीस पडतं आणि लिहायचे २९. तेलुगूत हा त्रासच नाही. सासूबाईंना त्यांच्या पद्धतीनं मोजू द्या. दहा-दहा शेंगदाण्यांच्या दोन वाट्या आणि पाच सुटे दाणे ठेवायचे. आजीनं इरवै ऐदु म्हणायचं, तुम्ही पंचवीस म्हणायचं आणि पोरीनं २५ लिहायचं. ढीग एकच आहे हे डोळ्यांनी दिसतं, घोळ होत नाही.

ए-४०१: आमच्या कन्नडमध्येपण असंच की. इप्पत्तैदु. इप्पत्तु वीस, ऐदु पाच.

डी-१०३: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणायल्यात, विड्या वळायचे तेव्हा आमचा कट्टा पंचवीसचा असायचा आणि चाळीस कट्टे झाले की हजार. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण हजाराचा हिशेब कधी कुणाला चुकू दिला नाही.

सी-३०१ (बाई): बघा, गठ्ठ्यांत मोजणं यांच्या हातात मुरलेलं आहे. सासूबाईंना सांगा, शनिवारी खाली या. मुलांना पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर त्यांच्याकडूनच शिकू दे.

बी-१०१: बाई, तुमचा मान राखून लिहितो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेत गाजलं. आम्ही पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे पाठ करून मोठे झालो. पाढ्यांवाचून गणित नाही.

सी-३०१ (बाई): काका, चांगलं आठवतंय. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढलेली नाहीत, सोपी वाट जोडीला दिली आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. गदारोळात ते कुणी नीट ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. वर्गात बसून बघितलं असतं तर पटलं असतं. माझं मत, दोन्ही हवं. सोलापूरच्या पोराला सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं माहीत असतात, त्याला अडुसष्टच म्हणता आलं पाहिजे. पण लगेच विचारा, त्यात दहाचे गठ्ठे किती आणि सुटे किती? सहा गठ्ठे, आठ सुटे हे पटकन आलं तर पुढं जा, नाहीतर तिथंच थांबा. पाढे पण हवेतच काका, तुमच्याशी वाद नाही. फक्त ‘सात सक बेचाळीस’ म्हटल्यावर सातचे सहा ढीग मांडून दाखवता आले पाहिजेत. दीडकी तुम्ही शिकवा, मी मुलं पाठवते.

बी-१०१: पाठवा. मी रिकामाच असतो.

ए-३०३: आमची आता पहिलीत जाईल. तिचं काय घेऊ?

सी-३०१ (बाई): तिला नऊ दाणे मोजायला लावा. मोजून झाले की विचारा, किती? परत एकपासून सुरू केलं तर शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच किती, हे अजून कळायचंय. त्यासाठी रोज ताटं-वाट्या मोजून मांडायला सांगा, दुसरं काही नको. आणि सात अधिक चार करताना एकपासून मोजत असेल तर सात दाणे वाटीखाली झाका. सात तर आहेतच म्हणायचं आणि पुढं आठ, नऊ, दहा, अकरा. शंभरपर्यंत म्हणून दाखवण्याची घाई करू नका. या उन्हात पोरं दुपारी घरातच असतात, जेवणाआधी दहा मिनिटं खूप झाली.

ए-१०२: बाई, शनिवारी घड्याळपण घ्या. आमच्या थोरल्याला सव्वा-पावणेचं काही कळत नाही, मोबाईलवर ५:४५ वाचतो फक्त.

सी-३०१ (बाई): घेऊ. काट्यांचं घड्याळ आणा. पावणेसहा म्हणजे सहाला पाव तास कमी, हे काटा सरकताना दिसलं पाहिजे. तोवर नळाला पाणी यायच्या दिवशी त्यालाच विचारत जा, साडेपाच झाले, पावणेसहाला पाणी येणार, मध्ये मिनिटं किती?

बी-२०४: बाई, शनिवारी पार्किंगमध्येच ना? सुटी नाणी किती आणू? घरात एवढी नाहीत, किराणा दुकानातून घ्यावी लागतील.

सी-३०१ (बाई): हो, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एका मुलाला १८ नाणी पुरतात. आठ सुटे असताना नऊ द्यायची वेळ आली तर नोट मोडून अठरा होतात, त्याहून जास्त कधी लागत नाहीत. नाण्यांऐवजी चिंचोके आणले तरी चालतील, पण दहाच्या नोटा खऱ्याच आणा.