भिगवण, आयएसओ ८०० आणि उडवलेले रोहित (फ्लेमिंगो)

मूळ पोस्ट: भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, पक्ष्यांचे फोटो काढायला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) आणि एफ ८ (लहानसं छिद्र) ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८००च्या वर नेऊ नका, नॉईजने (फोटोतल्या दाण्यांनी) फोटो वाया जातो.

शेकाट्या: असले सल्ले ऐकूनच नवी मुलं हललेले फोटो घेऊन परततात. सूर्य वर यायच्या आधी एफ ८ आणि ८०० धरलंत तर शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास येतो. त्यात उडता नदीसुरय पक्षी फोटोत गोठणार आहे का? उडत्या पक्ष्याला १/२००० हवाच, सूर मारणाऱ्या कवड्या खंड्याला १/३२००. मॅन्युअल मोड (शटर आणि छिद्र दोन्ही आपण ठरवायचं), लेन्स पूर्ण उघडी, ऑटो आयएसओ (तेवढा कॅमेरा ठरवतो). ६४०० झाला तर होऊ द्या. नॉईज घरी कमी करता येतो, हललेला पंख नाही.

जुनी बॉडी: तुमच्याकडे नवा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल. माझ्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ६४००ला पिसांचा चिखल होतो. आणि काळ्या पाण्यावर पांढरा बगळा आला की तुमचा ऑटो आयएसओ फसतो, बगळा जळतो, नुसता पांढरा डाग दिसतो.

शेकाट्या: मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा, फोटो गडद येईल!

जुनी बॉडी: माझ्या बॉडीत मॅन्युअलला ऑटो आयएसओ लावला की कॉम्पेन्सेशन चालतच नाही. आधी विचारा, मग शिकवा.

शेकाट्या: बरं, तुम्ही आयएसओ हाताने लावा. पण ८००वर अडून बसू नका.

उजनीकाठ: १/२००० कशाला लागतो तेही बोला ना. रोहित माना खाली घालून खात असतात. होडी जवळ गेली की खाणं थांबतं, माना वर होतात, ते चालत दूर सरकतात. तरीही पुढे रेटलं की पाण्यावर धावत उडतात. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या होडीतल्यांनी एकच थवा पुन्हा पुन्हा उठवला, फक्त गुलाबी पंखांसाठी. संताप आला.

जुनी बॉडी: नावाडीच नेतात जवळ.

उजनीकाठ: नावाड्यांवर ढकलू नका! माझा मामा होडी चालवतो. मागे बसलेलं गिऱ्हाईकच "अजून जवळ घ्या" म्हणतं. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी दुसरी होडी धरतं.

शेकाट्या: हे खरं आहे. माना वर झाल्या की इंजिन बंद, एवढं बसतानाच सांगायला हवं.

जुनी बॉडी: गिऱ्हाईक बोलतं, तरी हँडल कोणाच्या हातात असतं?

उजनीकाठ: आणि पोट कोणाचं असतं?

मूळ पोस्ट: उडणाऱ्यांसाठी शटर वाढवा, तेवढं मान्य. बसलेल्या पट्टकादंब हंसांना मात्र मी एफ ८च लावणार. तीन-चार पक्षी मागेपुढे असले की उघड्या लेन्समध्ये एकाचाच डोळा शार्प येतो.