टोकियोतला साकुरा आणि कॅमेरा : सोसायटी ग्रुप, रत्नागिरी

ए-३०२ : मार्चअखेर आईबाबांना घेऊन टोकियोला जातोय. मोबाईल आहे, शिवाय कॅमेरा आणि १८-५५, ५५-२०० या लेन्स. नेटवरच्या बऱ्याच फोटोंत साकुरा, म्हणजे तिथला चेरीचा फुलोरा, धुऊन काढल्यासारखा पांढरा दिसतो. असं का होतं?

सी-१०४ : मागे पांढरं आभाळ असतं म्हणून. टोकियोत चेरीची सोमेई योशिनो ही जात जास्त. पाकळी जवळजवळ पांढरीच, गुलाबी छटा अगदी पुसट. ढगाळ आभाळासमोर ती दिसेनाशीच होते. म्हणून फुलाआधी मागे काय आहे ते बघ. खंदकाचं पाणी, दगडी भिंत, पाइनची हिरवाई, काहीही गडद चालेल. कधी कधी दोन पावलं सरकलं तरी आभाळ फ्रेमबाहेर जातं.

सी-१०४ : आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. फ्रेम फुलांनी भरली की कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो, तो कमी करतो आणि फूल राखाडी येतं. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (+/- चं बटण) +०.७ ते +१ दे. काळ्या पाण्यासमोर एखादीच फांदी असेल तर उलट होतं. कॅमेरा उजेड वाढवतो आणि पाकळीवरच्या बारीक शिरा उडून जातात. तिथे -०.३ ते -०.७. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ‘डेलाइट’वर ठेव, ऑटोवर ती पुसट छटाही जाते. गेटजवळच्या पांढऱ्या चाफ्यावर आत्ताच सराव कर, मागे जांभ्याची भिंत आहेच.

बी-२०१ : मोबाईलवर फुलावर बोट दाबून ठेव, फोकस लॉक झाला की बोट वरखाली सरकवून उजेड ठरव. फांदीला पोर्ट्रेट मोड नको, बारीक देठ अर्धवट पुसले जातात. त्यापेक्षा मागे सरकून २एक्स किंवा ३एक्स वापर.

ए-३०२ : तारखा कशा धरायच्या? तिकिटं तर काढून झाली.

सी-१०४ : यासुकुनी देवळात एक नमुना-झाड आहे. त्यावर ५-६ फुलं उमलली की जपानचं हवामान खातं टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. ८० टक्के उमलली की पूर्ण बहर, त्याला आणखी आठवडाभर धर. सोमेई योशिनो म्हणजे आपल्या हापूससारखी सगळी कलमं, त्यामुळे एका भागातली झाडं बरोबरच फुलतात आणि बरोबरच गळतात. वारापाऊस झाला तर बहर लवकर आटोपतो. उशीर झालाच तर दाट पाकळ्यांचा याएझाकुरा बघ, तो मागाहून फुलतो. शिंजुकु ग्योएन बागेत तो भरपूर आहे.

बी-२०१ : ग्योएन ९ वाजता उघडते, तिकीट लागतं, आत दारू नेता येत नाही. मार्चअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणून पहाटे मेगुरो नदी गाठ. पुलावर मधोमध उभं राहून १३५-२०० मिमीला काढलंस की दोन्ही काठांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या दिसतात. चिदोरिगाफुची म्हणजे राजवाड्याचा खंदक, तिथली पायवाट खंदकाच्या पश्चिमेला आहे, समोरच्या काठावर ऊन दुपारनंतर येतं. तिथे सकाळी जाऊ नको. ट्रायपॉडला गर्दीत जागा नाही, कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढव.

डी-००३ : गळत्या पाकळ्या थिजवायच्या तर शटर १/५०० सेकंद आणि मागे काळोखी सावली. रेघा हव्यात तर १/६०. ऊन पाकळ्यांच्या मागून आलं पाहिजे, नाहीतर त्या दिसतच नाहीत.

सी-१०४ : तिथल्या संध्याकाळच्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, जादाची आतल्या खिशात ठेव. विमानात ती आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा झिप पिशवीत बंद ठेव, नाहीतर काचेवर दव धरतं. परत आल्यावर एसी गाडीतून आपल्या दमट हवेत उतरतानाही तेच, अर्धा तास पिशवी उघडायची नाही.

ए-३०२ : काका, आईबाबांचे फोटो झाडाखाली काढले तर चेहरे काळे येतील ना?

सी-१०४ : येतात, कारण मागची फुलं उजळ असतात. त्यांना थेट बुंध्याशी उभं करू नको. फांद्यांच्या कडेला, चेहरा मोकळ्या आभाळाकडे. फोकस आणि उजेड चेहऱ्यावर ठरव, फुलं थोडी जास्त उजळली तरी चालेल.

डी-००३ : आणि फोटोसाठी फांदी खाली ओढायची नाही. चेरीची फांदी मोडली की त्या जखमेतून झाड कुजायला लागतं. बाबांना म्हणावं, फांदीच्या जवळ उभे राहा, हात लावू नका.