थंडीत हात बधिरतात तसं डोकंही मंदावतं का? अनुभव सांगा

माझं काम सर्किट बोर्डच्या दुरुस्तीचं. हिवाळ्यात सकाळी पहिला तासभर बारीक स्क्रू निसटतात, चिमट्यात काही आलंय की नाही तेच कळत नाही, सोल्डर भलतीकडेच जातं आणि दुपारी तेच हात एकदम नीट चालतात. थंडी वाजली की शरीर आतली ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांखाली गेलं की हाताची सफाई जाते आणि ८ च्या आसपास आलं की स्पर्शच बोथट होतो. तुमचं काय होतं? आणि डोक्याच्या कामाचं?

---

मी अकाउंट्सला आहे, एसी थेट माझ्या डोक्यावर. बोटं काही बधिर होत नाहीत, पण ५४ चे ४५ लिहिले जातात, एकच ओळ तीनदा वाचावी लागते. मला वाटतं अर्धं लक्ष सारखं थंडीकडेच असतं, खांदे आखडून बसलेले, शाल कुठे गेली हेच मनात. शाल घेतली की चुका कमी होतात, हे मी स्वतः ताडून बघितलंय.

---

कोल्ड स्टोरेजमध्ये ९ वर्षं झाली, उणे २० मध्ये. जाड हातमोजे घातले की लेबल सुटत नाही, काढले की दोन मिनिटांत बोटं लाकडासारखी. नवीन मुलं खूप कुडकुडतात आणि आम्हा जुन्यांना तेवढी थंडी वाजत नाही, पण म्हणून आमची बोटं काही गरम राहत नाहीत, फक्त जाणवत नाही एवढंच, म्हणून बाहेर कधी यायचं ते घड्याळ बघून ठरवायचं. आणि दादा, नुसते तळवे चोळू नका. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, तो भाग झाका, छातीपोट उबदार ठेवा, बोटांकडे रक्त आपोआप येतं.

---

+१ कोपराखालच्या भागाला. मी व्हायोलिन वाजवते, लांब लोकरी बाह्या घातल्यापासून फरक पडला. पण कुणाची बोटं थंडीत एकदम पांढरीफटक पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा, मला रेनॉड्स निघालं, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर आकसण्याचा त्रास.

---

सगळे हातांबद्दल लिहितायत, मला डोक्याबद्दल सांगायचंय कारण खरा धोका तिथे आहे. बर्फाच्या उतारावर वाऱ्यात दोन तास थांबावं लागलं होतं. सोबतचा मित्र आधी खूप कुडकुडला, चिडचिड करत होता, मग शब्द ओढल्यासारखे यायला लागले, पाय अडखळायला लागले, हातमोजा पडला तरी उचलावा हे त्याच्या लक्षात आलं नाही. विचारलं तर म्हणाला मी ठीक आहे, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं! मी म्हटलं शंभरातून सात सात वजा करत जा. त्र्याण्णव म्हणाला आणि पुढे गाडी थांबली ती थांबलीच, एरवी हा माणूस सगळे हिशेब तोंडी करतो. चढाई तिथेच सोडली, आडोशाला नेलं, ओले कपडे काढून कोरडे घातले, गिळता येत होतं म्हणून गरम गोड पाणी दिलं. आतलं तापमान ३७ वरून ३५ च्या खाली आलं की हायपोथर्मिया म्हणतात, आणि तो वाढला की कुडकुडणं थांबतं, ऊब आली म्हणून नाही तर शरीर थकलं म्हणून. अजून अर्धा तास गेला असता तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. 'बरा आहेस ना' एवढं विचारून थांबू नका, हिशेब घाला, बक्कल लावायला सांगा.

---

हे वाचून अंगावर काटा आला. मी थंड पाण्यात पोहतो. पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही, ते मिनिट जाऊ द्यायचं, पण १० मिनिटांनी बोटं जुळेनाशी होतात, एकदा काठावर येऊनही शिडीचा दांडा धरता येईना. आता एकटा उतरत नाही, आणि काठावरच्या माणसाला सांगून ठेवलंय की मी नको म्हटलं तरी वेळ झाली की बाहेर काढायचं.