पानाची डिझाईन काचेत कशी उतरवायची? ट्रेस केलं तर नुसता फोटो चिकटवल्यासारखं दिसतंय

काचवेडी: दाराच्या वरच्या तावदानासाठी रंगीत काचेचे तुकडे जोडून नेच्याचं पान करायला काढलंय, हुबेहूब ट्रेस केलं, पण तुकडे इतके बारीक झाले की कापताना खाचेतच तडकतायत, आणि जे जमलं तेही निर्जीव वाटतं. भूमितीय करायचंय पण पान ओळखू यायला हवं, काय करू?

ओळंबा: बाह्यरेषा सोडा, पान वाढतं कसं ते बघा. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने तिथल्याच स्प्रिंगफिल्डच्या डेना हाऊसच्या खिडक्यांत (१९०२-०४) सुमॅकचं झुडूप घेतलंय, पण त्यात खरं पान कुठेच नाही! मधला दांडा, त्यातून जोडीजोडीने तिरक्या निघणाऱ्या पानांचे सरळ रेषेतले बाण, आणि शरदातले पिवळे-हिरवे रंग, बास. तुमच्या नेच्याची बाजूची पानं दांड्याला किती अंशात निघतात ते मोजा, तो एकच कोन सगळीकडे ठेवा.

तावदान: खाचेबद्दल, आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यातून तडा जाणारच, काचेचा स्वभावच तो. तिथून एक जोडरेघ (दोन तुकडे जिथे जोडले जातात ती रेघ) बाहेर काढायची म्हणजे एकाचे दोन साधे तुकडे होतात, आणि ती रेघ शीर म्हणून वापरायची, वेगळी शीर काढायची गरजच उरत नाही. सरळ लांब रेघा असतील तर तुकडे धरून ठेवणारी शिशाची पट्टी मऊ पडते, वाकते. राइटच्या खिडक्यांत म्हणूनच जस्ताच्या कडक पट्ट्या दिसतात.

झुंबर: ओळंबा म्हणतायत तेच इमारतीतही दिसतं, मला तर ते सगळ्यात आवडतं. स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फमिलिया चर्चमध्ये वास्तुविशारद गौदीने खांबांवर पानं कोरत बसण्यापेक्षा खांबच वर जाऊन फांद्यांसारखे फोडले, छताचं वजन त्या फांद्यांतूनच खाली येतं. आणि काच बघा, पूर्वेला निळी-हिरवी, पश्चिमेला लाल-केशरी, सूर्य फिरेल तसा आतला रंग बदलतो. तुमचं दार कुठल्या दिशेला आहे?

काचवेडी: पश्चिमेला! हे डोक्यातच नव्हतं. कोन मोजला, साधारण ६० अंश, खालून वरपर्यंत तोच ठेवला, अर्ध्याहून जास्त पानं काढून टाकली तरी नेचाच दिसतोय!! टोकाकडे लहान होत जाणारे तुकडे मात्र ठेवलेत, ते काढले की पायऱ्यांसारखं वाटत होतं. आता हिरव्याच्या जोडीला अंबर (मधासारखी पिवळी) काच लावून संध्याकाळी उजेडात धरून बघते.