एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यात जेवण कसं टिकवायचं? (अनुभव धागा)

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर वाढते, तो एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. दुखण्यावर, चॉकलेट सिस्टवर (बीजकोशातली जुन्या रक्ताची गाठ), मूल होण्या-न होण्यावर भरपूर बोललं जातं. ताट समोर आलं की नकोसं होतं, त्यावर मात्र 'दोन घास खाऊन घे गं' एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून हा धागा. काय, किती, कधी आणि कुठे फसतं ते लिहा. कहाणी नको, कृती हवी. औषधांची नावं येतील, पण डोस ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवलेला.

आहारतज्ज्ञ, ठाणे

'भूक नाही' ही एक तक्रार नाही, चार-पाच तक्रारी एका नावाखाली येतात. दुखणं टोकाला असताना शरीरातली दाहक रसायनं मेंदूतली भूकच दाबतात. पाळीच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन (पेटके आणणारं रसायन) वाढलं की गर्भाशयाबरोबर आतडीही आवळतात, मग मळमळ आणि जुलाब. पोट फुगलं की चार घासांत गच्च. शौचाला साफ नसेल तर खाण्याची इच्छा आपोआप मरते. आणि पाचवं कारण गोळ्या. यातलं कुठलं चालू आहे हे कळल्याशिवाय उपाय म्हणजे अंधारात दगड.

तीन दिवस एका कागदावर चार रकाने भरा: वेळ, दुखणं ० ते १०, मळमळ किंवा फुगणं, आणि काय पोटात गेलं. दिवसातला एखादा बरा तास त्यात सापडतो. पोट दिवसभरात फुगत जात असेल तर तो बहुधा सकाळचा. सगळ्यात दाट खाणं त्या तासात घ्या. आपल्याकडे सकाळी चहा-बिस्किट आणि मोठं जेवण रात्री, म्हणजे नेमकं उलटं.

भुकेची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहायचं. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर, १५० ते २०० किलोकॅलरीचं. सहा वेळा झालं तर ९०० ते १२०० होतात. वाईट दिवसांपुरतं हे चालतं, महिनोन्महिने नाही. प्रथिनांचा हिशेब: ५० किलो वजनाला रोज साधारण ४० ते ५० ग्रॅम. एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास, २०० मिली दुधात ६.

स्वयंपाकघरातून, रत्नागिरी

पेज सगळेच सुचवतात, पण नुसती पेज म्हणजे बहुतांश पाणी. पोटाला शांत वाटतं, अंगाला काही लागत नाही. अशी करा: २ मोठे चमचे उकड्या तांदळाची कणी, १ मोठा चमचा मूग डाळ, ३ कप पाणी, किंचित मीठ, कुकरला पाच शिट्ट्या. घोटून घ्या. वाटीत काढल्यावर १ छोटा चमचा तूप (४५ किलोकॅलरी) आणि १ मोठा चमचा दूध पावडर. पावडर आधी गार पाण्यात कालवा आणि पेज कोमट झाल्यावरच मिसळा. उकळत्या पेजेत टाकली की गुठळ्या होतात, आणि मळमळणाऱ्या माणसाच्या तोंडात एक गुठळी आली की वाटी परत येते.

नाचणीची आंबील: २ मोठे चमचे पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवून दीड कप उकळत्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटं ढवळत शिजवा. कच्चं राहिलं तर घशाला चिकटतं. पूर्ण कोमट झाल्यावर अर्धा कप ताक, मीठ, जिरेपूड. गरम असताना ताक घातलंत तर फाटणार. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. हार्मोन दाबणाऱ्या काही इंजेक्शनांनी हाडं विरळ होतात, ती घेणाऱ्यांसाठी हे उपयोगाचं आहे. (पण दोन चमचे पिठात जेमतेम ७० मिलीग्रॅम. आंबील घेते म्हणून डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी बंद करू नये.)

चावायला जमत असेल तर दाण्याचं कूट, गूळ आणि थेंबभर तूप यांचे लिंबाएवढे लाडू. २० ग्रॅमचा एक लाडू म्हणजे साधारण १०० किलोकॅलरी. डब्यात आठवडाभर टिकतात, आणि रात्री दोन वाजता जाग आली तरी हाताशी असतात.

फोडणीचा वास सहन होत नसेल तर जेवण गार द्या. दहीभात, गार केळं, फ्रिजमधली पेज. गरम अन्नाचा वास जास्त उडतो, बाकी काही गूढ नाही.

औषधविक्रेती, नाशिक

काउंटरवर सगळ्यात जास्त दिसतो तो घोळ असा: दुखतंय म्हणून खाल्लं नाही, खाल्लं नाही म्हणून गोळी रिकाम्या पोटी घेतली, जळजळ सुरू झाली, म्हणून पुढचं जेवणही गेलं.

मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे सगळे वेदनाशामक एकाच घराण्यातले. जठराच्या अस्तराला त्रास देतात. दोन एकत्र घेऊन दुप्पट आराम पडत नाही, त्रास मात्र वाढतो. गोळीसाठी पूर्ण जेवण लागत नाही. अर्धा कप दूध किंवा चार चमचे दहीभात, त्यावर गोळी, आणि तासाभराने दुखणं उतरलं की मुख्य वाटी. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखते, तयार झालेलं पुसत नाही. म्हणून दुखणं टोकाला जायच्या आधी, डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे घेतलेली जास्त लागू पडते. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला धोकादायक असतात, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन करा.

मेफेनॅमिकबरोबर डायसायक्लोमिन असलेली गोळी घरोघरी असते. डायसायक्लोमिनने पेटके उतरतात, पण तोंड कोरडं पडतं आणि आतडी मंदावतात. कोरड्या तोंडात पोळी फिरत राहते, म्हणून त्या दिवशी ओलं अन्न. ट्रॅमाडॉलने (जास्त दुखण्यावरची गोळी) मळमळ आणि बद्धकोष्ठता दोन्ही. ऑनडॅनसेट्रॉनने उलटी थांबते पण शौच अडतं. भूक कशाने गेली हे शोधताना गोळ्यांची यादी आधी बघा.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य. पण वजन ५० किलोखाली असेल किंवा बरेच दिवस नीट खाल्लेलं नसेल तर दिवसाला ४ ग्रॅमची नेहमीची कमाल मर्यादा लागू नाही, कमीच घ्यावं लागतं. आणि मेफेनॅमिकच्या काही जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. पाकीट उलटं करून वाचा.

पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर घेतलं तर कमी चालतं. लोहाच्या गोळीने मळमळत असेल तर दिवसाआड चालेल का ते विचारा, शोषण त्याने फारसं बुडत नाही. चहा मात्र गोळीच्या तासभर आधी-नंतर नको.

कोल्हापूर

फुगण्याबद्दल. 'एंडो डाएट' नावाच्या याद्या फिरतात: गहू बंद, दूध बंद, साखर बंद, मांस बंद. भूक असलेल्या बाईने ते करून बघावं. जिच्या पोटात दिवसाला हजार किलोकॅलरी जात नाहीत, तिच्या ताटातून आणखी चार पदार्थ काढणं हा उपाय नाही.

वायू धरणारे पदार्थ तात्पुरते कमी करून फुगणं उतरतं, हे मात्र खरं. त्यासाठी परदेशी पाककृती शोधू नका. आपल्या चातुर्मासाचा कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक अर्धं काम करून देतो. वास हवा असेल तर लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फुगवणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही, त्यामुळे स्वाद राहतो आणि त्रास जातो. (आमटीत अख्खा लसूण टाकून नंतर काढला तर उपयोग नाही, आमटीत पाणी आहे.) कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. राजमा, छोले, चवळी बाजूला. मूग डाळ भिजवून पाणी फेकून शिजवा. हे दोन ते सहा आठवडे, मग एकेक पदार्थ परत आणायचा, आणि शक्यतो आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली. कायमचं बंद करायचं नसतं. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

आहारतज्ज्ञ, ठाणे

कोल्हापूरशी सहमत, एक भर. फुगणं बद्धकोष्ठतेमुळे असेल तर आधी तो निचरा. इसबगोल एक छोटा चमचा, ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर आणखी अर्धा ग्लास. कमी पाण्यावर घेतलं तर तेच अडकून बसतं. लॅक्टुलोजच्या गोड सिरपने काहींचं पोट आणखी फुगतं. तसं झालं तर डॉक्टरांना दुसरा पर्याय मागा, पॉलिएथिलीन ग्लायकॉलने त्यामानाने कमी वायू धरतो. शौचाला बसताना दर पाळीत कळ येते किंवा रक्त पडतं, तर आतड्यावरच्या एंडोमेट्रिओसिसचा तपास करायला सांगा. तिथे चूर्णांवर वर्षं घालवू नका.

रुग्णाच्या घरचे, सोलापूर

'काय खाशील?' हा प्रश्न दुखत असताना विचारू नये. डोकं चालत नाही, उत्तर 'काही नको' येतं. दोनच पर्याय द्या: 'दहीभात की शिरा?' ताट नको, वाटी. वाटी अर्धीच भरा, मागितलं तर पुन्हा. वीस मिनिटांनी न बोलता उचला. उरलेल्याची मोजदाद तिच्यासमोर करू नका.

गरम पाण्याची पिशवी जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. पाणी उकळतं नको, पिशवी दोन-तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, टॉवेल गुंडाळा. रोज तासन्‌तास तीच जागा शेकली तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, ते दिसले की शेक कमी करा. खाल्ल्यावर आडवं व्हायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास पाठीला दोन उशा आणि गुडघ्याखाली एक.

नोकरदार, पुणे

डबा एक मोठा नको, तीन छोटे. साडेदहाला राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, एकला दहीभात, साडेतीनला केळं किंवा उकडलेलं अंडं. कॅन्टीनच्या वासाने पोट ढवळत असेल तर जागेवर खाण्याची परवानगी आधीच मागून ठेवा. बाटलीत पाण्याऐवजी कोकम सरबत, मीठ घालून. घोट घोट घ्या. जेवताना ग्लासभर पाणी प्यायलं तर जागा त्यानेच भरते. सुंठ अर्धा छोटा चमचा दिवसभरात विभागून मळमळीवर बरी पडते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय नको.

नागपूर

उपवासाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. वेदनाशामक गोळ्या चालू असताना निर्जळी किंवा एकवेळचा उपवास करू नये. साबुदाण्याच्या खिचडीत बहुतांश पिष्ट आणि तेल, प्रथिनं मिळतात ती दाण्याच्या कुटातूनच. सोडवत नसेलच तर भगर, दाण्याची आमटी, ताक, दूध असं दर दोन तासांनी. नवरात्रातले नऊ दिवस आणि पाळी एकत्र आली तर देवीला कळतं.

परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

वजन कमी होतंय हे एंडोमध्ये उशिरा लक्षात येतं, कारण पोट फुगलेलं असतं आणि कंबर तेवढीच दिसते. ब्लाउजची बाही सैल झाली का ते बघा, किंवा दंडाचा घेर टेपने महिन्यातून एकदा मोजा. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचानंतर. पाळीच्या आसपास पाणी धरून काटा वर जातो, म्हणून तुलना मागच्या चक्रातल्या त्याच दिवसाशी. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली तर डॉक्टरांकडे जा. ५० किलोला हे अडीच आणि पाच किलो होतात.

त्याच दिवशी दवाखाना कधी: पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी आठ-दहा तास झालेली नाही, शौच डांबरासारखं काळं, ताप, चक्कर येऊन पडणं, किंवा पोट ताठ फुगून उलट्या आणि वायूही सरत नाही. हे शेवटचं आतडं अडल्याचं लक्षण असू शकतं. चार घासांत पोट भरणं आणि फुगणं आठवडेच्या आठवडे रोज राहत असेल, पाळी नसतानाही, तर 'एंडोच आहे' म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करून घ्या.

उलट्या-जुलाबांनंतर ओआरएस: पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी. एक लिटरचं पाकीट ग्लासात कालवलं तर क्षार नको तितके जातात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं फेका.

आणि पाच दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच पोटात गेलं नसेल तर बरं वाटल्यावर एकदम भरपेट जेवू घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येऊन हृदयाची लय बिघडू शकते. आधी रक्ततपासणी, मग डॉक्टर सांगतील त्या मापाने, हळूहळू वाढवत.