प्रति: तीन महिन्यांत फरक नाही, उपचार थांबवू का?

ताई, कोडाचे उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ‘डाग तेवढाच दिसतो’ असं लिहिलंत, पण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही हो. लेकीच्या गुडघ्यावरच्या कोडासाठी मी अप्पा बळवंत चौकातून पारदर्शक शीट आणि ग्राफपेपर आणला. दर महिन्याला डागाची कड शीटवर उतरवायची, मग चौकोन मोजायचे. कड तशीच होती, पण आत केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उमटले होते! रंग बरेचदा तिथूनच परततो, म्हणून ठिपकेही उतरवा. फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच वेळेला. डॉक्टर ‘व्हासी’ (कोड किती पसरलंय आणि रंग किती गेलाय याचा आकडा) काढतात, त्यात रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. चेहऱ्याची बरोबरी बोटांच्या टोकांशी मात्र करू नका, टोकांवर रंग फार कष्टाने येतो.