अनुभव धागा : संभाव्यतेतल्या दोन फाशांच्या उदाहरणात गुण कुठं जातात?

सांगली, मिरज, तासगाव भागात दहावीला बीजगणित शिकवणाऱ्यांनी लिहावं. मुलं नेमकी कुठं अडतात आणि त्यावर काय करायचं, एवढंच सांगा.

मिरज
सूत्र (हव्या निष्पत्ती, म्हणजे निकाल, भागिले एकूण निष्पत्ती) पाठ असतं, चूक मोजण्यात होते. (२,५) आणि (५,२) एकच धरलं की ३६ ऐवजी २१ निष्पत्ती उरतात. त्या २१ समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नसतात, म्हणून सूत्रच लागू पडत नाही. एका लाकडी फाशाला हळद लावून तो पिवळा करा, दुसरा पांढरा ठेवा. 'पिवळ्यावर २, पांढऱ्यावर ५' आणि त्याच्या उलट, हा फरक मुलाला डोळ्यांनी दिसतो. सांगलीत हळदीला काय तोटा!

तासगाव
मिरजकरांचं पटतं, पण ते ऐकून मुलं (४,४) सुद्धा दोनदा लिहितात. बेरीज ८ साठी (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२) एवढ्या ५च जोड्या. पडताळा सोपा आहे: ७ पर्यंतच्या बेरजेतून १ वजा करा, त्यापुढं १३ मधून बेरीज वजा करा. १३ − ८ = ५. उत्तरपत्रिकेत मात्र नमुना अवकाश (सगळ्या निष्पत्तींचा संच), त्यातील घटकांची संख्या, घटनेचा संच, त्याची घटकसंख्या आणि मग सूत्र, अशा वेगळ्या ओळी लिहा. नुसतं ५/३६ लिहून भागत नाही.

विटा
शब्द नीट वाचायला शिकवा. 'बेरीज किमान १०' म्हणजे १०, ११, १२: ३ + २ + १ = ६, उत्तर १/६. 'बेरीज १० पेक्षा जास्त' असेल तर ३च, उत्तर १/१२. बेरीज मूळ संख्या हवी असेल तर २ हमखास सुटतो. २, ३, ५, ७, ११ मिळून १ + २ + ४ + ६ + २ = १५, उत्तर ५/१२.

जत
'किमान एका फाशावर ६' याला ६ + ६ = १२ म्हणतात. (६,६) दोनदा मोजली जाते, खरे ११. एकदाही ६ नसलेल्या जोड्या ५ × ५ = २५, आणि ३६ − २५ = ११.

पलूस
एकच फासा दोनदा टाकला तरी नमुना अवकाश ३६चाच. जोड्या सहा ओळींत लिहा, प्रत्येक ओळीत पहिला अंक तोच ठेवा. सुटलेली जोडी लगेच सापडते.